इनासबाबांनी थांबवलेली बेचाळीस मिनिटं

देवबागचा बाबल समुद्रात गेला, आणि मेल्यावर गावाने त्याला हावरट ठरवलं. वादळाचा इशारा वेळेवर मिळूनही हा जाळं ओढत बसला, म्हणून जिवाला मुकला, असं देवबागपासून मालवणच्या बाजारापर्यंत जो तो बोलत होता. ते खोटं होतं. खोटं आहे हे तीनच माणसांना ठाऊक होतं. एक आमचे साहेब, दुसरे इनासबाब आणि तिसरी मी. साहेब गप्प बसणार होते. मीही गप्प बसणार होते. हे लिहिताना लाज वाटते, पण इनासबाबांबद्दल लिहायचं आणि स्वतःबद्दल लपवायचं हे काही जमणार नाही.

आमचं ऑफिस कणकवलीत, एसटी स्टँडमागच्या गल्लीत, एका औषधांच्या दुकानाच्या वर. माणसं सहा. माझं काम फोन घेण्याचं, म्हणजे खरं तर शिव्या खाण्याचं. मागच्या थंडगार खोलीत एक मोठं मशीन होतं आणि त्याच्या पोटात अकरा मशिनं होती. पोटातली ही मशिनं हाताला लागत नाहीत. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एक कॉलेजचं, एक दवाखान्याचं, एक काजूवाल्यांच्या संस्थेचं, असं करत अकरा. प्रत्येकाची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, आणि प्रत्येकाची समजूत अशी की सगळं घर आपल्याच मालकीचं आहे. शेजारी आणखी दहा जण नांदतात याचा कुणाला पत्ताच नाही. कॉम्प्युटरवाले त्यांना गेस्ट म्हणतात. इनासबाब ‘पावणे’ म्हणत.

पाहुण्यांचं दुखणं बघणं हे इनासबाबांचं काम. इनास लोबो, वय सत्तावन्न, राहणार मालवण, चर्चच्या पलीकडे. वीस-बावीस वर्षं परदेशी जहाजांवर काढलेली. आधी वायरलेस, मग रडार, मग जहाजावरचे कॉम्प्युटर असं करत करत हा माणूस शिकत गेला होता. आईच्या आजारपणात घरी आले ते परत गेले नाहीत. लग्न केलं नव्हतं. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, “बोटीर कोण देतला चेडू?” म्हणजे बोटीवरच्या माणसाला मुलगी कोण देणार. इस्त्रीचा अर्ध्या बाहीचा शर्ट, उजव्या मनगटावर घड्याळ, आणि खिशात एक निळी वही. रोज सकाळी मालवणहून एसटीने येत आणि संध्याकाळी एसटीनेच जात. सहा वर्षांत उशीर झालेला मला आठवत नाही, एसटीला झाला असेल तेवढाच.

त्यांनी मला पहिला धक्का दिला तो माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात. कॉलेजच्या निकालाचा दिवस होता. तिकडचा हेडक्लार्क फोनवर माझा उद्धार करत होता, कारण त्यांचं मशीन अडकत होतं, सुटत होतं, परत अडकत होतं. इनासबाब मागे उभे राहून पडद्याकडे बघत होते. मला म्हणाले, “सांग तेका, धा मिनटां हात लावू नको.” मी सांगितलं. त्यांनी एक कळ दाबली आणि म्हणाले, “थांबयलंय.”

“काय थांबवलं?”

“कॉलेजाक.”

पलीकडून क्लार्क किंचाळला, “अहो बाई, सगळं गोठलं इकडे!” निकालाच्या दिवशी कॉलेज बंद पाडलं या माणसाने! आणि हा माणूस शांतपणे त्या गोठलेल्या मशीनच्या आत बघत होता. पडद्यावर नुसते आकडे आणि अक्षरं. एकेक ओळ खाली सरकवायची, थांबायचं, पुटपुटायचं. “काय रे बाबा, खंय दुखता तुका?”

दहा मिनिटांनी त्यांनी ते सोडलं. मशीन धावायला लागलं. क्लार्क म्हणाला, “चाललं, चाललं! पण हे घड्याळ दहा मिनिटं मागे दाखवतंय.” इनासबाबांनी ते हाताने पुढे केलं आणि मग मला समजावून सांगितलं. मोठ्या मशीनवर बसून आतल्या मशीनला असं मध्येच धरून ठेवता येतं. धरलेल्याला ते कळत नाही. “तेच्या लेखी एक क्षणय जावक नाय. आमी धा मिनटां म्हातारे झालो, तो नाय. म्हणान सोडल्यार आधी तेचा घड्याळ लावचा.” आपल्यालाही कुणी असं धरून ठेवत असेल आणि आपल्याला कळत नसेल, हाच विचार त्या दिवशी घरी जाताना रिक्षात माझ्या डोक्यात होता. घरी सांगितलं तर नवरा हसला.

पाहुणा थांबलेला असेपर्यंत इनासबाब बसत नसत. पाणी पीत नसत, चहाकडे बघत नसत. “पावणो उबो आसा तर मी कसो बसू?” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. नितीन म्हणून आमचा इंजिनिअर होता, साहेबांचा भाचा. तो त्यांना मुद्दाम खुर्ची सरकवायचा. इनासबाब ती पायाने मागे ढकलायचे. थांबवल्याची वेळ आणि सोडल्याची वेळ दोन्ही निळ्या वहीत लिहायचे, मनगटावरच्या घड्याळात बघून. आतल्या घड्याळावर विश्वास नाही. शिवाय थांबवण्याआधी पलीकडच्या माणसाला फोन केलाच पाहिजे, हा त्यांचा कायदा. नितीनने एकदा दवाखान्याचं मशीन न सांगता थांबवलं, पाचच मिनिटं. तिकडे रांगेत पंचवीस पेशंट उभे. इनासबाब त्याच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. साहेबांनी मध्ये पडून बघितलं, तर त्यांच्याशीही दोन दिवस बोलले नाहीत.

दुसरा कायदा रिस्टार्टचा. मशीन अडकलं की जगातला कुठलाही शहाणा माणूस बंद करतो, परत चालू करतो आणि आपल्या कामाला लागतो. नितीन तेच करायचा. इनासबाबांनी ते बघितलं की चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. “मेलो. पुरावो मेलो.” त्यांचं म्हणणं असं, की बंद करून चालू केलं की मशीन चालतं, पण दुखलं कुठे ते कधीच कळत नाही आणि ते परत दुखणार. काजूवाल्यांचं मशीन दर चार दिवसांनी गळाठायचं. नितीनने ते सात वेळा रिस्टार्ट केलं. आठव्या वेळी इनासबाबांनी त्याचा हात धरला, संस्थेला फोन केला, पाहुणा थांबवला आणि उभ्याने दोन तास आत बघितलं. मग मला हाक मारली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी हाक मलाच. नितीनला मारणार नाहीत.

“आतमधे दोन कामां आसत. एकाकडे विहिरीची दोरी आसा, दुसऱ्याकडे कळशी. दोरीवालो म्हणता, कळशी मिळासर मी हलूचंय नाय. कळशीवालो म्हणता, दोरी मिळासर मी हलूचंय नाय. दोगव उबे!”

“मग?”

“मगे काय, मी भायरसून एकाच्या हातातली दोरी काडलंय.” आणि हसले. असं हसताना हा माणूस दहा वर्षांचा दिसायचा. काजूवाल्यांचं मशीन त्यानंतर कधी अडकलं नाही. मीही थक्क झाले होते, खोटं कशाला बोलू. आणि त्यांची रिस्टार्टबद्दलची चीड मला तेव्हापासून पटायला लागली होती.

मग अकरा पाहुण्यांत बारावा आला. देवबाग-मालवणच्या मच्छीमारांच्या सोसायटीने ठरवलं होतं की होड्यांवर इशाऱ्याचे डबे बसवायचे. सरकारी खात्याकडून वादळाचा इशारा निघाला की तो आमच्या मशीनमध्ये यायचा आणि मशीनने तो डब्यांना पाठवायचा. डब्यावर लाल दिवा लागतो आणि कर्कश भोंगा वाजतो. मोबाईल लागत नाही तिथेही या डब्यावर इशारा पोचतो. कुठला इशारा किती वाजता पाठवला याची नोंद मशीन ठेवतं. आधी चाचणी म्हणून चारच होड्यांवर डबे बसवले होते. त्यातली एक बाबलची. बाबल एकटाच जायचा, लहान होडी घेऊन. डबा बसवायला इनासबाब स्वतः देवबागला गेले होते. बाबलने त्यांना विचारलं होतं, “ह्यो वाजलो नाय म्हंजे बरा आसा असाच ना?” इनासबाब हो म्हणाले होते. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं, आणि सांगताना भिंतीकडे बघून सांगितलं.

हा बारावा पाहुणा तब्येतीने नाजूक निघाला. आठवड्यातून एकदा अडकायचा, तोही कधी अडकेल ते सांगता येत नसे. इनासबाब यायच्या आत नितीन तो रिस्टार्ट करून मोकळा व्हायचा. पाच आठवडे हा लपंडाव चालला. इनासबाब जेवायलाही खाली जाईनासे झाले. जेवणाचा डबा उघडून पडद्यासमोर बसायचे, एक घास घ्यायचे आणि बघत राहायचे.

दिवाळी होऊन पंधराएक दिवस झाले होते. दुपारचा एक वाजून गेला होता. मी माझा डबा धूत होते तेवढ्यात आतून त्यांचा आवाज आला, “गावलो रे, गावलो!” मी धावले. पाहुणा त्यांच्या डोळ्यांदेखत अडकला होता. त्यांनी कळ दाबून तो तसाच धरला, मनगट बघितलं, वहीत लिहिलं आणि उभे राहिले.

“इनासबाब, सोसायटीत फोन लावू?” मी विचारलं.

“थांब गो वायच.”

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. ज्या माणसाने फोन केला नाही म्हणून नितीनशी आठ दिवस अबोला धरला, तो म्हणाला, थांब वायच, म्हणजे जरा थांब. मला तेव्हाच विचित्र वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पाच आठवड्यांनी सापडलेलं सोडून फोन कोण करत बसेल, असंच मलाही वाटलं. बाहेर ऊन होतं, खाली रिक्षावाले पत्ते खेळत होते. वादळाचा विचार कुणाच्या मनात येणार?

दोरी-कळशीचंच भांडण होतं, पण या वेळी चौघांमध्ये. त्यांना ते उलगडायला वेळ लागला. शेवटी बाहेरूनच त्यांनी आतली एक गाठ सोडवली, मशीन सोडलं आणि वहीत वेळ लिहिली. मग खाली जाऊन सगळ्यांसाठी मालवणी खाजं घेऊन आले. नितीनलासुद्धा दिलं. एवढे खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. पाहुण्याचं घड्याळ लावायचं तेवढं त्या आनंदात राहून गेलं. तासाभराने ते आपोआप बरोबर झालं, तशी सोय होती.

बाबलची होडी संध्याकाळी आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीच्या तोंडाशी उलटलेली होडी मिळाली आणि दुपारी बाबल. अडीचच्या सुमाराला वाऱ्याने समुद्र फोडून काढला होता. सोसायटीने आमच्याकडून नोंदीचा कागद मागवला. मी तो छापून पाठवला. कागदावर स्पष्ट होतं: इशारा पाठवला, एक वाजून एकवीस मिनिटं. आणि देवबागचाच दाजी, ज्याच्या होडीवर डबा नव्हता आणि जो आभाळ बघून परत फिरला होता, त्याने पावणेदोनला बाबलला निवांत जाळं ओढताना पाहिलं होतं. झालं. एक एकवीसला भोंगा वाजला आणि पावणेदोनला हा जाळं ओढतोय. तिथून किनाऱ्याला यायला अर्धा तास लागतो. लोकांनी हिशेब केला आणि हावरट म्हणून मोकळे झाले. कागद माझ्या हातून गेला होता.

चौथ्या दिवशी सकाळी इनासबाब तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. दुसऱ्या हातात सरकारी खात्याच्या इशाऱ्याची प्रत होती. चेहरा पांढराफटक. मला वाटलं छातीत दुखतंय. मी खुर्ची पुढे केली.

“शुभा, हो इशारो खात्यातसून कितक्याक सुटलो, वाच.”

“एक पंचवीस.”

“आमी कितक्याक पाठयलो?”

“एक एकवीस.”

मी वाचलं आणि माझ्या काही लक्षात येईना. निघायच्या चार मिनिटं आधी तो पोचला कसा? त्यांनी निळी वही उघडून पुढे ठेवली. थांबवलं, एक वीस. सोडलं, दोन दोन. बेचाळीस मिनिटं. इशारा आला तेव्हा पाहुणा त्यांनी धरून ठेवलेला होता. इशारा दारात उभा राहिला. दोन वाजून दोन मिनिटांनी पाहुणा सुटला, त्याने दारातला इशारा उचलला, बाबलला पाठवला आणि आपल्या घड्याळात बघून लिहिलं: एक एकवीस. त्याच्या लेखी मध्ये काहीच घडलं नव्हतं.

बाबलचा भोंगा खरा वाजला तो दोन वाजून तीन मिनिटांनी. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून वेळा परत वाचल्या. इनासबाब म्हणाले, “बंद करून चालू केलंय आसतंय तर दोन मिनटां लागली आसती.” बस, एवढंच बोलले. ज्या गोष्टीसाठी ते नितीनला पुरावा मारला म्हणायचे, ती दोन मिनिटांची गोष्ट त्या दिवशी कुणीही केली असती तर बाबल घरी आला असता.

साहेबांनी दार लावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हेत. सहा जणांचे पगार त्यांच्या डोक्यावर. त्यांनी वही बघितली, दोनदा बघितली आणि म्हणाले, “लोबो, कागद आपल्या बाजूने आहे. कुणीही विचारलेलं नाही. बाबल परत येणार आहे का? मग आपणहून फाशी कशाला घ्यायची?” माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. होय, हलवली.

“तेंच्या घरची माणसां?” इनासबाब म्हणाले.

“लोक आठ दिवस बोलतात, मग विसरतात.”

लोक विसरले नाहीत. बाबलची बायको शेवंती मासे विकायला बसते. मालवणच्या बाजारात तिच्या तोंडावर कुणीतरी म्हणालं की चार बांगडे जास्त मिळवायला घोव घालवलास. हे आमच्याच ऑफिसात येणाऱ्या एका बाईने मला सांगितलं, मिटक्या मारत. इनासबाब आतल्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं. त्या दिवसापासून त्यांनी पाहुण्यांना हात लावणं सोडलं. येत, बसत आणि जात. बसत, हे मी मुद्दाम सांगते.

बाराएक दिवसांनी सोसायटीची सभा लागली. सगळ्या होड्यांवर डबे बसवायचे की नाही हे ठरवायचं होतं आणि प्रश्नांना उत्तरं द्यायला इनासबाबांशिवाय दुसरं कुणी नव्हतं. साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “तू सोबत जा. तो बाबलचा विषय काढायला लागला की खाली बसव.” मी गेले. मला खरंच वाटत होतं की मी त्यांच्या भल्यासाठीच चालले आहे. मालवणपर्यंत एसटी, पुढे रिक्षा.

रिक्षात मी म्हटलं, “इनासबाब, कित्याक बोलतास? मारतले तुमका.”

“मारूंदेत.”

“नोकरी जातली.”

“जावंदे.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “बाय गो, पावण्याक थांबयला तर तेका कळणा नाय. त्या शेवंती वयनीक पुरा कळता. बारा दीस ती थंयच उबी आसा.”

सोसायटीच्या पत्र्याखाली साठ-सत्तर माणसं होती. बायका मागच्या बाजूला. शेवंती अगदी शेवटी, खांबाला टेकून. तिला बघून बाकीच्या जरा सरकून बसल्या होत्या. चेअरमन उभे राहिले आणि डब्याचं कौतुक करू लागले. डबा चांगला आहे, वेळेवर वाजतो, पण माणसाने ऐकलं पाहिजे, आपल्या बाबलासारखं करून चालणार नाही. एवढं ते बोलले आणि इनासबाब उठले. मी त्यांच्या शर्टाची बाही धरली. त्यांनी माझा हात अलगद काढून माझ्याच मांडीवर ठेवला.

“बाबलाची चूक नाय,” ते म्हणाले. “इशारो एक पंचविसाक सुटलो. आमचा मशीन अडाकला होता. बंद करून चालू केला आसता तर दोन मिनटांत चालला आसता आणि एक पंचविसाकच बाबलाचो डबो वाजलो आसतो. मी ता करूक नाय. माका बिगाड बघूचो होतो. मी मशीन बेचाळीस मिनटां थांबवन धरलंय आणि आतमधे बघत ऱ्हवलंय. तुमका फोनय करूक नाय. बाबलाचो डबो दोन वाजान तीन मिनटांनी वाजलो, तेच्या आधी वाजूक नाय. कागदार एक एकवीस आसा तो खोटो. मशिनीचा घड्याळ माज्यामुळा मागे पडला होता.”

मग दाजी उठला, तोच ज्याने बाबलला पावणेदोनला पाहिलं होतं. “मी तेका हात करून बोलयलंय, चल म्हणान. तेना माका होडयेत कायतरी बोटान दाखयल्यान. माका वाटला मासळी दाखयता. तो... तो डबो दाखयत होतो. डबो गप आसा म्हणत होतो.”

आणि दाजी मटकन खाली बसला. मी आजवर बाबलला नुसता कागदावरच्या वेळांत बघत होते. तो डब्यावर विश्वास ठेवून बसला होता, हे मला तेव्हा दिसलं. बाबलचा भाऊ पुढे झेपावला आणि त्याने इनासबाबांची कॉलर धरली. खुर्च्या पडल्या. इनासबाबांनी हात वर केला नाही, तोंडही फिरवलं नाही. एक थप्पड बसली, चष्मा उडाला.

“सोड तेका.” शेवंती मागून चालत आली होती. भावाने सोडलं. ती इनासबाबांच्या समोर उभी राहिली. मला वाटलं आता ही मारणार.

“म्हंजे तेंका आयकाकच येवक नाय?”

“नाय वयनी.”

“आणि आयकाक इला तेवा?”

ती लोकांकडे वळली. “जाळा कापलेला होता. होडी गावली तेवा सगळ्यांनी बघल्यात. सुरयेन कापलेला. मी तेवापासून सांगतंय, हावरो मनीस आपला जाळा कापता काय? वाजला तसा कापल्यानी आणि मागे फिरले. कोण आयकाक तयार नाय!” तिचा आवाज फाटला. एकही पुरुष तिच्याकडे बघत नव्हता. बघितलं ते फक्त इनासबाबांनी.

तिने त्यांना म्हटलं, “परत सांगा.”

त्यांनी परत सांगितलं, शब्द न शब्द.

“मागच्यांका आयकाक येवक नाय. मोठ्यान.”

त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. आवाज चिरकत होता, पण बेचाळीस मिनिटं म्हणताना अडखळले नाहीत. निळी वही काढून त्यांनी तिच्या हातात दिली. तिने ते पान बघितलं, वही मिटली आणि कमरेला खोचली. मग म्हणाली, “आता चला.”

“खंय?”

“घरोघर. हडे साठ माणसां आसत. बोलणारी गावभर आसत.”

चेअरमन काहीतरी म्हणाले, सभा अजून बाकी आहे वगैरे. तिने ऐकलं नाही. इनासबाबांनी जमिनीवरचा चष्मा उचलला. एक काच गेली होती, तो तसाच घातला आणि तिच्या मागोमाग उन्हात बाहेर पडले. त्यानंतर ते ऑफिसात कधी आले नाहीत. राजीनामा पोस्टाने आला. साहेबांनी सोसायटीत जाऊन माफी मागितली, सोसायटीचं मशीन दुसरीकडे गेलं, नितीनही गेला. इनासबाब मालवणातच आहेत असं ऐकते. भेटायला जायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

त्या दिवशी सभेतून उठून मी रिक्षात येऊन बसले होते. देवबागचा रस्ता अरुंद. एका अंगाला खाडी, एका अंगाला समुद्र, मध्ये माडांत एकामागे एक घरं. पर्यटकांच्या दोन गाड्या समोर आल्या म्हणून आमची रिक्षा अडली आणि मला ते दोघे दिसले. शेवंती पुढे, इनासबाब दोन पावलं मागे. ती दार वाजवायची. कुणी बाहेर आलं की बाजूला व्हायची. इनासबाब हात जोडायचे आणि बोलायला लागायचे. काही घरांतून माणसं ऐकून घेत होती, एका घरातून कुणीतरी ओरडलं, एका म्हातारीने दार लावून घेतलं. शेवंतीने ते परत वाजवलं.

“आते, भायर ये. तू बाजारात काय बोललंस ता माका ठावक आसा. आता ह्यो काय सांगता ता आयक.”

म्हातारी बाहेर आली. इनासबाबांनी हात जोडले. “बाबलाची चूक नाय,” त्यांनी सुरुवात केली. मी मोजलं, ते सातवं घर होतं. पुढे निदान दोनशे असतील.

त्यांच्याबरोबर उभं राहून ‘हे खरं बोलतात, कागद मीच पाठवला होता’ एवढं म्हणणारं कुणीतरी हवं होतं. ते माझ्याशिवाय दुसरं कोण म्हणणार होतं? मी रिक्षेच्या दांडीला धरून बसले होते. समोरच्या गाड्या निघून गेल्या. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, “जावया?”

मी म्हटलं, “चला.”